कोतवालाचे कुलूप

काही माणसांची नावे आपल्या भाषेत शिवीसारखी रुतून बसली आहेत. घाशीराम कोतवाल हे त्यांतले एक. गोव्याच्या हद्दीवर, आमच्या दोडामार्गच्या बाजारात उभे राहून एखाद्या शिपायाने दुचाकीवाल्याशी जरा अरेरावी केली, तरी बघणाऱ्यांपैकी कुणीतरी घाशीरामाचे नाव घेतोच. ज्याने नाटक पाहिलेले नाही, पेशवाईचा इतिहास वाचलेला नाही, त्यालाही त्या नावाचा अर्थ बरोबर ठाऊक असतो. पण नाव इतके वापरात आले की त्यामागचा माणूस झिजून गेला. हा कोतवाल म्हणजे एक नेमलेला अधिकारी होता, त्याला वरिष्ठ होते, रोजची कामे होती, हाताखाली माणसे होती, हे आता कुणाच्या ध्यानात येत नाही.

त्या माणसाविषयी आज लिहायचे ते त्याचा जुलूम पुन्हा उगाळण्यासाठी नव्हे. पोलिसाच्या हाती अधिकार देण्याआधी त्याला काय शिकवले पाहिजे, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून निघतो आणि कवायत, धावणे, बंदूक, कायद्याची कलमे एवढ्यावर संपतो. या प्रश्नाचे खरे उत्तर शोधायचे तर घाशीरामाच्या चरित्राइतका स्वच्छ धडा मला आपल्या इतिहासात दुसरा दिसत नाही.

आधी नाटक आणि चरित्र वेगळे करू या. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, डॉ. मोहन आगाशे यांचे नाना फडणीस आणि माणसांची ती हलती, गाती भिंत! आमच्या कोकणातल्या दशावताराचा आणि खेळ्यांचा त्या घडणीत मोठा वाटा होता. त्या नाटकावर वाद झाले, प्रयोग थांबले, पुन्हा सुरू झाले आणि 1980 मध्ये ते युरोपातही जाऊन आले. नाटकातला घाशीराम पोटची पोर नानांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. ही नाटककाराची रचना आहे. इतिहासात तिला आधार नाही. सत्ता आपली हत्यारे कशी घडवते आणि काम झाले की कशी फेकून देते, हे तेंडुलकरांना दाखवायचे होते आणि ते त्यांनी दाखवले. त्याच्या शंभरएक वर्षे आधी, 1863 मध्ये, मोरोबा कान्होबांनीही याच कोतवालावर पुस्तक लिहिले होते. म्हणजे हा माणूस मराठी लेखकांना अस्वस्थ करीत आला आहे. मात्र खरा घाशीराम या दोन्ही पुस्तकांतल्यापेक्षा साधा होता आणि म्हणूनच मला तो अधिक भीतिदायक वाटतो.

घाशीराम सावळदास हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. औरंगाबादेकडून तो नशीब काढायला पुण्यात आला. त्या काळचे पुणे म्हणजे आजच्या मुंबईसारखे. देशभरची माणसे तिथे पोटामागे, मानामागे येत. पण ते शहर भेदरलेलेही होते. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात खुद्द नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि तोही वाड्याच्या पहाऱ्यावर ठेवलेल्या गारद्यांच्या हातून. राखणदारानेच मालकाला मारल्यावर विश्वास टाकायचा कुणावर? पुढच्या वर्षी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि तान्ह्या पेशव्याच्या नावाने बारभाईंनी कारभार हाती घेतला. रघुनाथरावांचे पक्षपाती शहरात ठायी ठायी होते. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गेली आणि 1776 मध्ये त्याचा बंदोबस्त करावा लागला. अशा दिवसांत नाना फडणिसांना शहरावर नजर ठेवणारा, कुणाच्या सोयऱ्याधायऱ्यांत नसलेला, फक्त आपल्यालाच जबाबदार असलेला माणूस हवा होता. परगावाहून आलेला घाशीराम त्या मापात बसला. 1777 मध्ये तो पुण्याचा कोतवाल झाला.

कोतवाल म्हणजे आजच्या भाषेत काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. गावोगावी तलाठ्याच्या हाताखाली राबणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या गरीब माणसालाही आपण कोतवाल म्हणत आलो; त्याच्याशी पुण्याच्या कोतवालाचा काही संबंध नाही. पुण्याच्या कोतवालाकडे रात्रीची गस्त होती, चोऱ्यांचा तपास होता, बाजारातली वजने-मापे आणि भाव होते, घरे-जागांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी होत्या, शहरात कोण आले-गेले याची खबर होती, किरकोळ तंट्यांचा निवाडा होता आणि दंडाची वसुलीही होती. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर सापडणाऱ्याला चौकीत बसावे लागे. पोलीस, नगरपालिका, दुय्यम निबंधक, वजनमापे निरीक्षक आणि खालचा न्यायाधीश असे सारे एका पगडीखाली. धरणारा तोच, कोंडणारा तोच आणि दंड ठरवणाराही तोच.

आता गंमत पाहा. मराठ्यांचा कारभार हिशेबाच्या बाबतीत विलक्षण काटेकोर होता. कोतवालीच्या जमाखर्चावर सरकारने नेमलेले कारकून असत. आलेल्या दंडाची, झालेल्या खर्चाची नोंद होई आणि ती वर जाई. पैशावर पहारा होता. चौकीत कोंडलेल्या माणसावर मात्र पहारेकऱ्याखेरीज दुसरा पहारा नव्हता.

माझे सारे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे ही विसंगती मला जरा जास्तच टोचते. बँकेत नव्या माणसाच्या हाती तिजोरीची चावी एकदम देत नाहीत. आधी तो शिकतो, परिवीक्षेवर राहतो, बरोबरीच्या जुन्या माणसाच्या नजरेखाली काम करतो. आणि चावी हाती आली तरी ती अर्धीच असते. तिजोरीला दोन चाव्या; एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही आणि बंदही होत नाही. यात कुणावर अविश्वास नसतो. उलट, मोहाच्या किंवा आळसाच्या एका क्षणात कुणी एकटा सापडू नये म्हणून ही सोय असते. नोटांसाठी माणसाने एवढी अक्कल वापरली. जिवंत माणूस ज्या खोलीत ठेवायचा तिच्या कुलपाला मात्र शतकानुशतके एकच किल्ली राहिली.

घाशीरामाला कुणी काही शिकवले नव्हते, हा दोष एकट्या पुण्याचा म्हणता येणार नाही. त्या वेळी पोलिसांना शिकवण्याची कल्पनाच जगात रुजलेली नव्हती. लंडनला सर रॉबर्ट पील यांनी संघटित पोलीस दल उभारले ते 1829 मध्ये, म्हणजे घाशीराम मेल्यानंतर अडतीस वर्षांनी. तोवर सगळीकडे रीत एकच होती: भरवशाचा माणूस बघायचा, त्याला अधिकार द्यायचे आणि काम झाले की नाही एवढे पाहायचे.

पण शिकवले नाही म्हणून माणूस शिकत नाही, असे थोडेच आहे? घाशीराम कोतवालीत चौदा वर्षे होता. चौदा वर्षे ही लहान मुदत नव्हे. तेवढ्यात माणूस कामात मुरतो. या चौदा वर्षांनी त्याला शिकवलेच. संशयितांची खबर आणली की वरचे खूश होतात, हे त्याने शिकून घेतले. धरलेल्या माणसाची बाजू मांडायला कुणी येत नाही, परगावचा असेल तर मुळीच नाही, हे त्याला कळले. एखाद्याला रात्रभर कोंडले तर सकाळी कुणी जाब विचारत नाही, हेही त्याच्या अंगवळणी पडले. दर वर्षी हा धडा थोडा पक्का होत गेला. अनुभव हा मोठा गुरू आहे असे आपण म्हणतो. पण जिथे चुकीची शिक्षा होत नाही, तिथे तो फार वाईट गुरू ठरतो. नानांना आपल्या कोतवालाविषयीच्या तक्रारी ऐकू येत नसतील, असे मानणे कठीण आहे. हेरांचे जाळे देशभर पसरलेल्या त्या मुत्सद्द्याला स्वतःच्या शहरातली कुजबुज कळली नसेल? पण कोतवाल उपयोगाचा होता आणि उपयोगाच्या माणसाविषयी वरिष्ठांचे कान जरा जाडच असतात.

मग 1791 चा श्रावण आला. पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा प्रसिद्ध होती. तिच्यासाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात जमत. ऑगस्टच्या अखेरीस दक्षिणा घेऊन परत निघालेल्या तेलंग ब्राह्मणांची एक तुकडी, एकूण 34 जण, शहराच्या बाजूला घाशीरामाच्या बागेशी थांबली. भुकेल्या वाटसरूंनी बागेतले काही तोडून खाल्ले. माळ्याशी बाचाबाची झाली आणि गोष्ट कोतवालापर्यंत गेली. आमच्याकडे काजूच्या हंगामात वाटेने जाणारा चार बोंडे तोडतो, बागायतदार दोन शब्द सुनावतो आणि विषय तिथेच मिटतो. घाशीरामाच्या माणसांनी त्या 34 जणांना पकडून आणले आणि एका लहानशा कोठडीत कोंडून बाहेरून कुलूप घातले.

त्या रात्री काय झाले ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. खोली लहान, माणसे 34, वाऱ्याला वाट नाही, पाणी नाही. आतून हाका आल्या असतीलच. बाहेर पहारा होता. त्या पहारेकऱ्याला दार उघडण्याचा अधिकार नव्हता, किंवा आहे असे त्याला कधी कुणी सांगितले नव्हते. सकाळ झाली, दिवस वर आला तरी कुलूप तसेच. शेवटी मानाजी शिंदे फाकडे या सरदाराच्या कानावर गोष्ट गेली. त्याने येऊन कुलूप तोडले आणि दार उघडले, तेव्हा आतले बहुतेक जण गुदमरून मेलेले होते.

असेच एक दार त्याआधी पस्तीस वर्षांपूर्वी, 20 जून 1756 च्या रात्री कलकत्त्यात बंद झाले होते. सिराजउद्दौल्याच्या शिपायांनी इंग्रज कैद्यांना किल्ल्यातल्या एका कोठडीत कोंडले आणि सकाळपर्यंत त्यांतले अनेक जण मेले. मृतांच्या आकड्याविषयी इतिहासकारांत वाद आहे. पण दोन्ही ठिकाणी यंत्रणा एकच दिसते. ज्याने कोंडायचा हुकूम दिला तो निघून गेला, ज्याच्या हाती पहारा होता त्याला निर्णय घेता येईना आणि मधल्या वेळात माणसे मेली. ठार मारण्याचा बेत असावा लागत नाही. बेपर्वाई पुरते.

मानाजीने खबर पेशव्यांना दिली. सवाई माधवराव तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. शहरात बातमी पसरली तसे लोक जमू लागले. तेलंग ब्राह्मणांचे देशबांधव आघाडीवर होते. नानांनी आधी घाशीरामाला पहाऱ्यात ठेवले, चौकशीची भाषा केली. जमाव ऐकेना. चौदा वर्षे ज्या तक्रारींना दार मिळाले नव्हते त्या सगळ्या एकदम रस्त्यावर आल्या. अखेर घाशीरामाला जमावाच्या हवाली करण्यात आले. शहरातून त्याची धिंड निघाली आणि 31 ऑगस्ट 1791 रोजी लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. पुण्यात त्या वेळी इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट होता. या प्रकरणाची हकिगत पुढे जेम्स फोर्ब्सच्या ग्रंथातून इंग्रजी वाचकांपर्यंतही गेली.

इथे बहुतेक जण पुस्तक मिटतात. पापाचा घडा भरला, न्याय झाला, असे म्हणून समाधान मानतात. मला ते समाधान मिळत नाही. घाशीरामाचा गुन्हा काय होता? त्याने माणसांना चौकशीविना कोंडले, त्यांचे म्हणणे ऐकले नाही. आणि त्याला शिक्षा कशी झाली? तशीच, निवाड्याविना, त्याचे काही ऐकून न घेता. त्याच्यासमोर त्याचे गुन्हे वाचून दाखवले गेले असते, त्याने कुणाच्या हुकमाने काय केले हे त्याला सांगावे लागले असते, पहारेकऱ्यांच्या जबान्या झाल्या असत्या, तर पुण्याला काहीतरी कळले असते. कदाचित नानांनाही काही अवघड प्रश्नांना तोंड द्यावे लागले असते. दगडांनी ते सगळे प्रश्न गाडून टाकले. कोतवाल गेला, कोतवाली तशीच राहिली. त्याच्या जागी दुसरा आला आणि एका किल्लीचे कुलूप पुन्हा भिंतीला लागले.

पेशवाई 1818 मध्ये बुडाली. इंग्रज आले म्हणून कोठडीतली हवा बदलली असे नाही. मद्रास इलाख्यात कोठडीतल्या छळाच्या इतक्या तक्रारी आल्या की 1855 मध्ये चौकशी आयोगाला त्यावर अहवाल द्यावा लागला. पुढे 1861 मध्ये पोलिसांचा कायदा झाला आणि पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असा नियम कायद्यात आला. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने तो पक्का केला आणि 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. तरीसुद्धा पोलिसाला रीतसर शिकवावे हे पटायला विसावे शतक उजाडावे लागले. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या 1902-03 च्या पोलीस आयोगाने प्रशिक्षणाच्या शाळांवर भर दिला. त्यातून मुंबई इलाख्याची शाळा पुण्यात निघाली आणि 1909 मध्ये ती नाशिकला गेली. आजची नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. फौजदार तिथे घडतात. शिपायांसाठी खंडाळा, जालना, अकोला, तुरची, नानवीज अशी प्रशिक्षण केंद्रे आहेत आणि तिथला पायाभूत अभ्यासक्रम साधारण नऊ महिन्यांचा असतो.

त्या दुसऱ्या किल्लीची गोष्टही इथेच सांगायला हवी, कारण ती आपल्याला मिळाली आहे. राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने सांगितले की अटक केलेल्या माणसाला कारण कळले पाहिजे, वकील मिळाला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. एक किल्ली पोलिसाकडे, दुसरी न्यायाधीशाकडे! सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात आणखी बारीक नियम घालून दिले: अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर, ठरलेल्या मुदतीने वैद्यकीय तपासणी, पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी. 2020 मध्ये न्यायालयाने पोलीस ठाण्यांत, कोठड्यांसह, कॅमेरे लावायला सांगितले. यांतल्या प्रत्येक नियमामागे कुठेतरी न उघडलेले एक दार आहे.

पण नियम कागदावर असणे आणि तो पहाऱ्यावरच्या माणसाच्या अंगात उतरणे यांत मोठे अंतर असते आणि ते शिकवूनच कापावे लागते. पोलिसाच्या कोठडीत माणसे आजही मरतात. संसदेत दर वर्षी त्यांचे आकडे सांगितले जातात. रात्री दोन वाजता कोठडीतला माणूस छातीत कळ येते म्हणतो तेव्हा तो सोंग करीत आहे की खरे बोलतो आहे, हे ठरवायला तिथे मोठा साहेब नसतो. असतो तो बावीस-तेवीस वर्षांचा शिपाई. त्याने काय करायचे? साहेबांची झोपमोड करायची, डॉक्टर बोलवायचा, की सकाळपर्यंत थांबायचे? बंदुकीचा नेम चुकला तर कवायतीच्या मैदानावर कळते. हा नेम चुकला तर एका घरातला माणूस जातो.

आमच्या तालुक्यात हा प्रश्न दूरचा नाही. 1999 मध्ये दोडामार्ग वेगळा तालुका झाला. पोटासाठी हद्द ओलांडून गोव्यात जायचे नाही, तर पोलीस भरती हा इथल्या मुलांना दिसणारा एक सरळ रस्ता आहे. पहाटे भेडशीच्या, साटेलीच्या रस्त्यावर मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. आई-वडील अंडी-दुधाची तजवीज करतात, मुले घड्याळ लावून सेकंद मोजतात. यांतला एखादा निवडला गेला की वाडीत पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. पण त्याला भेटायला जाणाऱ्या आपण वडीलधाऱ्यांनी पेढ्याबरोबर एक प्रश्नही विचारावा, असे मला वाटते. पळायला शिकलास, नेम धरायला शिकशील. वरच्याने चुकीचा हुकूम दिला तर काय करशील? आतून हाक आली तर दार उघडशील का?

हे शिकवता येते का, अशी शंका काही जण काढतील. येते. डॉक्टर रक्त बघून डगमगत नाही, तो जन्मतः तसा नसतो. बँकेतला साधा लिपिक साहेबाने सांगितले तरी दुसऱ्या सहीशिवाय रक्कम सोडत नाही. ते त्याला शिकवलेले असते आणि तसे केल्यावर बँक त्याच्या मागे उभी राहील, हेही त्याला ठाऊक असते. प्रशिक्षणाचे दोन भाग असतात. एक माणसाला शिकवायचा, दुसरा त्याच्या वरिष्ठांना. शिपायाने रात्री दार उघडले आणि सकाळी त्याचीच कानउघाडणी झाली, तर नऊ महिन्यांचे शिक्षण एका सकाळीत पुसले जाते आणि घाशीरामाची चौदा वर्षांची शाळा पुन्हा भरते.

घाशीराम दुष्ट होता असे म्हणून सुटणे सोपे आहे. दुष्ट माणसे थोडी असतात, त्यांना ओळखून दूर ठेवता येते. कामसू, हुकमाची तामिली करणारी आणि वरिष्ठांच्या मर्जीतली माणसे फार असतात, आणि ती आपल्याच घरातली असतात. त्या रात्री पुण्याच्या कोठडीबाहेर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचे नाव आपल्या तोंडी नाही. त्यालाही आई-बाप असतील, नोकरी लागली तेव्हा त्याच्या घरीही गोडधोड झाले असेल. दार उघडायला एक माणूस पुरे होता, आणि तो तिथे रात्रभर उभा होता.